आजोबांनी दिलेलं प्रभुभोजन खोटं होतं का?

नगर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते.

आमचं कुटुंब तीन पिढ्यांपासून प्रोटेस्टंट. सासरे पाळक, म्हणजे आमच्या मंडळीचे धर्मगुरू होते. १९५० च्या दशकात त्यांचा दीक्षाविधी झाला आणि पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर त्याच मंडळीत ते सेवा करत राहिले. माझ्या मुलाचा बाप्तिस्माही त्यांच्याच हातून झाला. मुलगा आता सव्वीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. गेलं वर्षभर तो रात्री जागून व्हिडिओ पाहतो, वाचतो, आणि आता म्हणतो की मला कॅथलिक व्हायचंय. प्रेषितांपासून, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांपासून चालत आलेला अधिकार फक्त पोपशी जोडलेल्या चर्चमध्ये आहे, बाकी सगळं माणसांनी काढलेलं, असं त्याचं म्हणणं. या ईस्टरला घरी आला तेव्हा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घ्यायला उठला नाही. विचारलं तर म्हणाला, "आजोबा आयुष्यभर देत होते ती नुसती भाकर होती. त्यांना तो अधिकारच नव्हता." त्या दिवसापासून त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत. पौलाने पेत्राला तोंडावर दोष दिला तो गलतीकरांस पत्रातला भाग मी त्याला दाखवला. त्याने काहीच सिद्ध होत नाही म्हणाला. पोप कधी चुकत नाही असं मानणाऱ्या लोकांत माझा मुलगा जाणार, हे मला पचत नाही. तिथे त्याचा पुन्हा बाप्तिस्मा करतील का? आणि त्याला निरुत्तर करील असं एखादं वचन किंवा इतिहासातला पुरावा सांगाल का?

प्रिय ताई,

बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते सरळ आहे आणि पुढच्या बोलण्याला त्याचा आधार लागणार आहे. पुन्हा बाप्तिस्मा होणार नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खरा मानतं, आणि खरा बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. मुलाने ठरवलंच तर त्याच्याकडे मंडळीचा बाप्तिस्म्याचा दाखला मागतील, त्याच्याकडून विश्वासाची कबुली घेतील, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा विधी) होईल, ख्रिस्तप्रसाद (कॅथलिकांचं प्रभुभोजन) मिळेल. म्हणजे आजोबांनी त्याला दिलेला बाप्तिस्मा रोमलाही मान्य आहे. हे त्याला माहीत आहे का, एकदा विचारा.

हे मान्य झालं त्यामागे एक फार जुना वाद आहे, आणि तुमच्या घरातल्या वादाशी त्याचं जवळचं नातं आहे. साल २५५-२५६. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता की फुटून निघालेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, तिकडून येणाऱ्याला तो नव्याने द्यायला हवा. रोमचा बिशप, म्हणजे पोप, स्तेफन म्हणत होता, गरज नाही, डोक्यावर हात ठेवून आत घ्या. स्तेफनने आपल्या बाजूने पेत्राच्या आसनाचा, म्हणजे आपण पेत्राचे वारस असल्याचा, दाखला दिला. रोमच्या बिशपाने स्वतःच्या शब्दाला वजन यावं म्हणून पेत्राला पुढे केल्याची जी अगदी जुनी उदाहरणं सापडतात, त्यांतलं हे एक. सिप्रियन बधला नाही. त्याने २५६ साली कार्थेजला ८७ बिशपांची सभा भरवली आणि आमच्यापैकी कोणी स्वतःला बिशपांचा बिशप समजत नाही, असं तिथे बजावलं.

आता तुमच्या घरातली माणसं या वादात कुठे उभी राहतात ते पाहा. बाहेरच्या मंडळीचं सगळंच पोकळ, असं म्हणणारा तुमचा मुलगा सिप्रियनच्या बाजूला जातो, आणि त्याला विरोध करणारा माणूस नेमका रोमचा बिशप आहे. तुम्हाला सिप्रियनचा ताठ कणा आवडेल, पण त्याची शिकवण लावली तर तुमच्या अख्ख्या कुटुंबाचा बाप्तिस्मा धोक्यात येतो. आणि ज्या चर्चशी सिप्रियन इतका भांडला, त्या चर्चने त्याचं काय केलं? रोमन मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) सर्वांत जुन्या महाप्रार्थनेत आजही सिप्रियनचं नाव घेतलं जातं. त्या नामावळीत काही पोपही आहेत. त्याच्याशी वाद घालणारा पोप स्तेफन मात्र तिथे नाही.

तुम्ही मागितलेलं निरुत्तर करणारं वचन मी देणार नाही, कारण तसं वचन नाही. असतं तर हा प्रश्न इतकी शतकं टिकला नसता. मत्तयच्या सोळाव्या अध्यायात प्रभू पेत्राला म्हणतो की या खडकावर मी आपली मंडळी रचीन, आणि स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या त्याच्या हाती देतो. हे शब्द दुसऱ्या कोणा शिष्याला उद्देशून नाहीत, आणि प्रोटेस्टंट उपदेशांत ते कधीकधी फारच घाईने ओलांडले जातात. पण दोनच अध्याय पुढे, बांधण्याचा आणि मोकळं करण्याचा अधिकार सगळ्या शिष्यांना मिळतो. तेही तितकंच खरं. लूकच्या बावीसाव्या अध्यायात पेत्राला सांगितलंय की वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. योहानाच्या एकविसाव्यात मेंढरं त्याच्याकडे सोपवली आहेत. तर प्रेषितांच्या कृत्यांत, पंधराव्या अध्यायात, यरुशलेमच्या सभेत पेत्र बोलतो, त्याचं बोलणं निर्णायक ठरतं, आणि तरीही निवाडा तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्या तोंडून बाहेर पडतो.

गलतीकरांस पत्राबद्दल तुमचा मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. पौलाने पेत्राला खडसावलं म्हणून पेत्राला काही विशेष स्थान नव्हतं, असं त्यावरून ठरत नाही. कॅथलिक म्हणतात की त्याच्या वागण्याचा इतरांवर परिणाम होत होता, म्हणूनच पौलाला बोलावं लागलं. पण त्यावरून एक गोष्ट नक्की ठरते, आणि ती त्याने सोडून देऊ नये. पेत्राला चारचौघांत चूक म्हणता येत होतं. तसं म्हणणारा माणूस मंडळीबाहेर गेला नाही, आणि ते पत्र पवित्र शास्त्रात राहिलं.

इतिहासाचंही असंच. तुमचा मुलगा पहिल्या शतकांतले लेखक वाचतो हे मला मनापासून आवडलं. पण ते तुकड्यांनी वाचतोय की सबंध, याची शंका येते. साधारण ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला लांबलचक पत्र लिहून तिथला तंटा मिटवायला सांगितलं. ते क्लेमेंटचं पत्र म्हणून ओळखलं जातं. कॅथलिक म्हणतात, बघा, रोम इतक्या आधीपासून दुसऱ्या मंडळीच्या कारभारात लक्ष घालत होतं. पण त्या पत्रात क्लेमेंटचं नाव कुठेच नाही. बोलते ती सगळी मंडळी. १८० च्या आसपास इरेनियस या बिशपाने पेत्र आणि पौलापासून रोमच्या बिशपांची यादी दिली आणि खरी शिकवण शोधायची तर तिकडे पाहा, असं लिहिलं. हे तुमच्या मुलाच्या बाजूचं मोठं नाणं आहे, आणि त्याने ते वाजवलंच असेल. पण ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा यावरून रोमच्या बिशप व्हिक्टरने आशियातल्या मंडळ्यांना तोडून टाकायला घेतलं, तेव्हा असं करू नका म्हणून त्याला लिहिणाराही इरेनियसच होता. ६८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने तर मरून गेलेल्या पोप होनोरियसला चुकीच्या शिकवणीबद्दल दोषी ठरवलं. कॅथलिक अभ्यासकांकडे याची उत्तरं आहेत. पण उत्तरं आहेत म्हणजे प्रश्न नव्हता, असं होत नाही.

माझं मत विचाराल तर सांगते. रोमला पहिला मान फार आधीपासून होता, आणि तो नंतर कोणी रचलेला बनाव नाही. १८७० साली व्हॅटिकनच्या सभेत ज्या स्वरूपात पोपचा अधिकार मांडला गेला, तो मात्र पहिल्या तीन शतकांतल्या कोणाला त्या शब्दांत ओळखू आला नसता. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर पडतं त्याला वाढ म्हणायचं की भर, यावरच खरा वाद आहे, आणि तो पुरावा जास्त वाचून आपोआप सुटत नाही.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकातली दोन माणसं. इंग्लंडमधला जॉन हेन्री न्यूमन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, पाळक होता. प्राचीन चर्चचे लेखक वाचता वाचता तो १८४५ मध्ये कॅथलिक झाला आणि पुढे कार्डिनलही झाला. म्युनिकचा इग्नात्स फॉन डोलिंगर कॅथलिक धर्मगुरू, आणि चर्चच्या इतिहासाचा त्या काळातला मोठा जाणकार. त्याच काळाचा इतिहास वाचून १८७० चा निर्णय मान्य करता येत नाही, असं तो म्हणाला. १८७१ मध्ये त्याला चर्चबाहेर काढलं. दोघेही विद्वान, दोघांनी आपल्या निर्णयाची किंमत मोजली, दोघांच्या टेबलावर साधारण तीच पुस्तकं. तुमच्या मुलाला हे नक्की सांगा. एक बाजू अभ्यासू आणि दुसरी अडाणी, असं त्याला सध्या वाटतंय. वर्षभराच्या व्हिडिओंनंतर तसं वाटणं स्वाभाविक आहे.

तुमचाही एक समज मात्र बदलायला हवा, ताई. पोप कधीच चुकत नाही, असं कॅथलिक मानत नाहीत. पोपही पापनिवेदन करतो. १८ जुलै १८७० रोजी व्हॅटिकनच्या सभेत ५३३ विरुद्ध २ मतांनी पोपच्या न चुकण्याबद्दल जे ठरलं, ते एवढंच की विश्वास आणि नीती यांबाबत, सगळ्या चर्चवर बंधनकारक म्हणून, आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने पोप एखादी शिकवण जाहीर करतो, तेव्हा त्या शिकवणीत चूक होऊ दिली जात नाही. त्यानंतर आजवर अशा रीतीने जाहीर झालेली शिकवण एकच, १९५० सालची मरियेच्या स्वर्गारोहणाची. त्या मतदानाआधी विरोधातले साठेक बिशप रोम सोडून गेले होते, तेव्हा ५३३ हा आकडा सांगताना तेही सांगायला हवं. न्यूमनलासुद्धा हा ठराव त्या वेळी करणं शहाणपणाचं वाटलं नव्हतं. तुम्हाला ही शिकवण पटू नये, हे मी समजू शकते. पण न पटणाऱ्या गोष्टीचं नीट वर्णन करता आलं, तर मुलगा तुमचं ऐकून घेईल. चुकीचं वर्णन केलंत की तो पहिल्या वाक्यालाच कान बंद करील.

आता सासऱ्यांच्या प्रभुभोजनाकडे येते, कारण पत्रात खरी जखम तिथे आहे.

तुमचं मन राखण्यासाठी मी काही लपवणार नाही. कॅथलिक शिकवणीनुसार प्रेषितांच्या वारसपरंपरेतल्या बिशपाकडून धर्मगुरुदीक्षा मिळाल्याशिवाय ख्रिस्तप्रसादाचं पूर्ण स्वरूप राहत नाही. अँग्लिकन दीक्षाही रोमने १८९६ साली अवैध ठरवल्या आहेत. त्यामुळे तुमच्या मंडळीचं प्रभुभोजन ते आपल्या ख्रिस्तप्रसादासारखं मानत नाहीत. मुलाने हवेतून काही आणलेलं नाही.

पण "नुसती भाकर" हे शब्द त्याचे आहेत, त्याच्या नव्या चर्चचे नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याबद्दल जो आदेश काढला, त्यात कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या मंडळ्यांचा तारणासाठी उपयोग करून घेणं ख्रिस्ताच्या आत्म्याने टाळलेलं नाही, अशा अर्थाचं म्हटलंय. त्याच आदेशात पुढे, या मंडळ्या प्रभुभोजनात ख्रिस्ताच्या मरणाचं आणि पुनरुत्थानाचं स्मरण करतात तेव्हा ख्रिस्ताशी जोडलेल्या जीवनाची ग्वाही देतात आणि त्याच्या पुन्हा येण्याची वाट पाहतात, असंही आहे. पोपवर इतकी श्रद्धा बसलेल्या मुलाने पोपने सही केलेला हा आदेश सबंध वाचावा, एवढी मागणी तुम्ही नक्की करू शकता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये तर स्वतःहून इतर चर्चच्या पुढाऱ्यांना आणि अभ्यासकांना विचारलं की माझ्या पदाची सेवा कशी बजावली तर ती तुम्हालाही मान्य होईल. ज्या आसनावरून असा प्रश्न विचारला जातो, त्याचा दाखला देऊन आजोबांचा हिशेब एका वाक्यात मिटवता येत नाही.

एक गोष्ट कदाचित तुमच्या घरातही विस्मरणात गेली असेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्तिस्ट होते, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतून आलेल्या आपल्या भागातल्या मंडळ्याही होत्या. या शेवटच्या मंडळ्यांना बिशपपद कधीच नव्हतं. तरी त्या दिवसापासून त्यांनी बिशप स्वीकारले, प्राचीन परंपरेला जोडून घेणारे बिशप. सगळ्या चर्चच्या सेवकांची सेवा एक करताना परस्परांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. कोणाच्या दीक्षेत काय कमी होतं याचा निवाडा माणसांनी मुद्दाम केला नाही, तो देवावर सोडला. तुमच्या सासऱ्यांची सेवा त्या एकीकरणाच्या आधीची आणि नंतरची. प्रेषितांच्या वारशाचा प्रश्न त्यांच्या पिढीने टाळला नव्हता. आपल्या परीने उत्तर दिलं होतं, आणि त्यासाठी जुन्या सवयी सोडल्या होत्या. घरात त्यांची जुनी कागदपत्रं, दीक्षेचा दाखला असं काही असेल तर मुलाला दाखवा. वाद जिंकायला म्हणून दाखवू नका, त्याला कळावं म्हणून दाखवा.

मराठी ख्रिस्ती घरांत हा प्रश्न पहिल्यांदा पडतोय असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडला अँग्लिकन चर्चमध्ये झाला, आणि त्यानंतर त्यांना शिकवणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून झगडा झाला तो याच मुद्द्यावरून. रमाबाईंचं म्हणणं होतं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मी घेणार नाही. सिस्टरना वाटत होतं की चर्चच्या अधिकाराशिवाय विश्वास भरकटतो. मी रमाबाईंच्या बाजूची आहे. पण सिस्टर जेराल्डीन यांची भीतीही खोटी नव्हती, आणि तुमच्या मुलाला कदाचित तीच भीती वाटत असेल. दर गल्लीत नवा उपदेशक, नवा फलक, प्रत्येकाचा शास्त्राचा वेगळा अर्थ, हे पाहत आपली मुलं मोठी झाली आहेत. कुठेतरी ठाम काही असावं, असं त्याला वाटलं तर त्यात तुमच्याविरुद्ध काही नाही.

आता करायचं काय? सगळ्यांत आधी जेवणाच्या ताटावरचा आणि व्हॉट्सॲपवरचा वाद थांबवा. एकमेकांना क्लिप पाठवणं दोघांनीही बंद करायचं, असं ठरवून टाका. तो घरी येईल तेव्हा एका वेळी एकच अध्याय, मत्तय सोळा मग अठरा, पुढच्या खेपेला कृत्ये पंधरा, असं दोघांनी बसून मोठ्याने वाचा. वाचताना दुसऱ्याची बाजू आपण मांडायची. तुम्ही कॅथलिकांचं म्हणणं सांगा, त्याला प्रोटेस्टंटांचं सांगू द्या. शिक्षिका म्हणून हे तुम्हाला जमेल. ज्याला समोरच्याची बाजू सांगता येत नाही त्याचा अभ्यास अजून व्हायचाय, हे तुम्ही वर्गात कितीतरी मुलांना दाखवून दिलं असेल.

तो ज्या फादरांकडे जातो त्यांना तुम्ही भेटा. मुलासोबत जा, तक्रार घेऊन जाऊ नका. आजोबांच्या प्रभुभोजनाबद्दल तो जे बोलला तेच त्याच्यासमोर विचारा: चर्चची शिकवण खरंच अशी आहे का? चांगला धर्मगुरू ते वाक्य तसंच राहू देणार नाही, असं मला वाटतं, आणि मुलावर त्याचा परिणाम तुमच्या शंभर वचनांपेक्षा जास्त होईल. घाई होऊ नये एवढंही तिथे सांगून ठेवा. बाप्तिस्मा झालेल्या माणसालाही तयारीला सहसा काही महिने देतात, आणि तो वेळ त्याच्या फायद्याचा आहे.

त्याने मंडळीत येऊन प्रभुभोजन घेतलंच पाहिजे, असा हट्ट मात्र सोडा. मनात शंका असताना हात पुढे न करणं हा अपमान नाही, शास्त्राने सांगितलेली आत्मपरीक्षा आहे. तुम्ही त्याच्यासोबत मिस्साला गेलात तर तुम्हीही बसून राहाल, तेव्हा त्याने वाईट वाटून घेऊ नये. प्रार्थना, गीतं, वचन, नाताळची उपासना यांत सगळ्यांना एकत्र बसायला कोणाचीही बंदी नाही.

अशाच घरांतल्या इतर वाचकांसाठी लग्नाचा मुद्दा सांगून ठेवते, कारण तो नंतर कळला की भांडण पेटतं. कॅथलिक व्यक्तीला प्रोटेस्टंट व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा व वाढवणूक कॅथलिक चर्चमध्ये व्हावी यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन कॅथलिक बाजूला द्यावं लागतं. दुसऱ्या बाजूला त्याची कल्पना दिली जाते, तिच्याकडून वचन घेत नाहीत. हे साखरपुड्याआधी बोलून घ्यावं.

राहिले त्याचे वडील. त्यांचं दुखणं पोपबद्दलचं नाही, स्वतःच्या वडिलांबद्दलचं आहे, आणि ते त्यांनी मुलाला सरळ सांगायला हवं. "तू कुठे जातोस ते तू ठरव, पण माझ्या बापाबद्दल बोलताना शब्द सांभाळ," एवढं एक वाक्य पुरे. त्यावर मुलाने माफी मागितली तर ती घ्यावी, आणि तो कॅथलिक होणार की नाही, या प्रश्नाशी ती माफी बांधू नये. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना आणि पाळकसाहेबांना ही बातमी तुमच्याकडूनच कळू द्या, दोघांनी मिळून जा. इतरांकडून कळली तर तिथे दुसरंच काहीतरी पोहोचेल.